याना नोव्होत्नाची बाजू

आमच्या क्लबात सकाळच्या डबल्सवाल्यांमध्ये एक काका आहेत. कुणी ५-२ असा पुढे असताना सेट घालवला की ते बाकावरून ओरडतात, ‘गेली! नोव्होत्ना झाली!’ वर्षानुवर्षं हे चालू आहे. परवा माझ्या पार्टनरच्या नावानं ओरडले. ती पंचविशीतली पोरगी, ती जन्मली तोवर नोव्होत्ना रिटायर झालेली. पाणी पिताना मला विचारते, ‘ताई, हे नोव्होत्ना म्हणजे काय असतं?’

काय असतं!

मी तिथंच सांगायला सुरुवात केली, पण सात वाजले की पुढची बॅच रॅकेटी घेऊन जाळीपाशी उभीच असते. म्हणून उरलेलं इथं. काकाही हे वाचतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी वाद घालतात, तर आज त्यांना भरपूर सामान देते.

आधी हिशेब, कारण आकड्यांशिवाय काका ऐकत नाहीत. टेनिस खेळाडू याना नोव्होत्ना, जन्म २ ऑक्टोबर १९६८, गाव ब्रनो, देश तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया. सिंगल्सची २४ विजेतेपदं, डबल्सची ७६. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांत, महिला डबल्सची १२, मिक्स्डची ४ आणि सिंगल्सचं १, म्हणजे १७. डबल्समध्ये जगात पहिला नंबर, सिंगल्समध्ये दुसरा. ऑलिंपिकची ३ पदकं. बक्षिसांची कमाई १ कोटी १० लाख डॉलरच्या वर. २००५ साली टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव. एवढं सगळं करून लोकांनी लक्षात काय ठेवलं, तर एक डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकवून फुकट घालवलेला पॉइंट) आणि ब्रिटिश राजघराण्यातल्या एका बाईच्या खांद्यावर टेकवलेलं डोकं.

तर तो डबल फॉल्ट. ३ जुलै १९९३, शनिवार, विम्बल्डनची महिलांची फायनल, समोर स्टेफी ग्राफ. पहिला सेट टायब्रेकवर स्टेफीचा, दुसरा नोव्होत्नाचा ६-१. विम्बल्डनच्या फायनलमध्ये स्टेफीला ६-१! तिसऱ्या सेटमध्येही तिचा खेळ तसाच चाललेला. ४-१ पुढे, सर्व्हिस तिची, ४०-३०. एक पॉइंट आला की ५-१.

आमच्या घरी बाबा स्टेफीचे भक्त. मी अकरावीत होते. ४-१ झाल्यावर बाबा उठले, छत्री घेतली आणि ‘संपली मॅच’ म्हणून तरातरा फिरायला निघून गेले. परत आले तेव्हा टीव्हीवर विजेतेपदाची थाळी स्टेफीच्या हातात होती. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय आणि गेल्या वर्षीचं काहीतरी दाखवतायत.

मधल्या वेळात काय झालं, तर ४०-३०ला पहिली सर्व्हिस चुकली आणि दुसरी चांगली लांब गेली. थोडक्यात हुकली वगैरे नाही, लांबच. ड्यूस, म्हणजे ४०-४०. मग एक व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारायचा फटका) गेली, एक स्मॅश गेला, सर्व्हिस गेली. ४-२. स्टेफीनं आपली सर्व्हिस राखली, ४-३. त्यानंतरच्या नोव्होत्नाच्या गेममध्ये तीन डबल फॉल्ट. एका गेममध्ये तीन! तिथून पुढे मॅच स्टेफीचीच होती. ओळीनं पाच गेम, ६-४.

घाबरली होती का? होती. आमच्या चौदा इंची पोर्टेबलवरही ते दिसत होतं. काकांचं इथवरचं म्हणणं मला मान्य आहे. त्यापुढचं नाही.

आम्ही क्लबातले लोक दुसरी सर्व्हिस ‘टाकतो’. पहिली जोरात मारायची, ती गेली की दुसरी नुसती कोर्टात ढकलायची, मग रॅली. समोरचाही आपल्याचसारखा, त्यामुळे चालून जातं. नोव्होत्नाला ती सोय नव्हती. तिचा सगळा खेळच सर्व्हिस मारून नेटकडे धावण्याचा, पहिली असो नाहीतर दुसरी. ढकललेल्या सर्व्हिसमागे नेटवर जायचं म्हणजे मधल्या पट्ट्यात पोचेपर्यंत स्टेफीचा फोरहँड शेजारून निघून गेलेला. तो फोरहँड तेव्हा बायकांच्या टेनिसमधलं सगळ्यात भीतिदायक हत्यार होतं. म्हणून दुसरी सर्व्हिसही खोल हवी, स्टेफीच्या बॅकहँडला हवी, नेट गाठायला वेळ मिळेल इतकी उसळणारी हवी. रेषेच्या अलीकडे वीतभर जागा. या जुगारावरच तिनं दुसरा सेट ६-१ घेतला होता, या जुगारावरच ती ४-१वर आली होती. ४०-३०ला तिनं तेच केलं जे तासभर करत होती, आणि या वेळी दान उलटं पडलं.

आणि हात घाबरला की आधी टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर फेकणं, बिघडतो, हे ज्यानं सर्व्हिस केलीय त्याला माहीत आहे. बॉल जरासा मागे, डोक्याच्या वर गेला की रॅकेट उघडी पडते आणि सर्व्हिस लांब जाते. मग पुढच्या वेळी माणूस टॉसचाच विचार करतो, आणि टॉसचा विचार करत सर्व्हिस करणारा माणूस सर्व्हिस करतच नसतो. ४-३च्या गेममधले तीन डबल फॉल्ट त्या खात्यातले. तिनं सर्व्हिस मऊ केली असती तर डबल फॉल्ट वाचले असते आणि गेम तरीही गेला असता. फक्त कुणी ‘चोकर’, मोक्याच्या वेळी कच खाणारी, म्हटलं नसतं, ‘स्टेफीनं काय पासिंग शॉट मारले’ म्हटलं असतं.

पलीकडे कोण होतं हेही काका सोयीनं विसरतात. १-४ मागे असलेल्या स्टेफीनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. बॉल परत, बॉल परत, बॉल परत. तिचं ते विम्बल्डनचं पाचवं सिंगल्स विजेतेपद. तेव्हा तिची मोठी प्रतिस्पर्धी मोनिका सेलेस खेळत नव्हती. दोनच महिन्यांपूर्वी हॅम्बुर्गला कोर्टवर एका माणसानं तिच्या पाठीत सुरा खुपसला होता, तोही स्टेफीचा चाहता. त्या उन्हाळ्यात स्टेफीवर काय ओझं असेल कुणास ठाऊक. तरी ती जिंकली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत पहिल्या पानावर फोटो कुणाचा, तर हरलेलीचा.

तो फोटो सगळ्यांना माहीत आहे. बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंट नोव्होत्नाशी चार शब्द बोलल्या, धीर दिला, तू एक दिवस जिंकशील अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटला. डचेसनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं. चांगुलपणा होता तो, मी नाही म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत त्या बाईंबद्दल जेवढं वाचलं त्यावरून त्या खरोखरच मायाळू असाव्यात; २०२५च्या सप्टेंबरमध्ये ९२व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा जगभरच्या बातम्यांत पुन्हा तोच फोटो. पण मला तो आवडत नाही. एका व्यावसायिक खेळाडूची वीस-पंचवीस वर्षांची मेहनत एका फ्रेममध्ये ‘बिचारी’ करून टाकली त्यानं.

आता काकांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देते, कारण तो त्यांना माहीत नसणार. १९९५, पॅरिस, फ्रेंच ओपनची तिसरी फेरी. समोर अमेरिकेची चंदा रुबिन, १९ वर्षांची. तिसऱ्या सेटमध्ये नोव्होत्ना ५-० पुढे, आणि त्या गेममध्येही तिचे ४०, समोर शून्य. तीन मॅच पॉइंट हातात. ती मॅच नोव्होत्ना ८-६ हरली. एकूण नऊ मॅच पॉइंट रुबिननं वाचवले. १९९३ची गोष्ट एका डबल फॉल्टवर ढकलता येते, ही नाही ढकलता येत. ही वाचून माझ्याही पोटात गोळा येतो.

पण त्याच १९९५मध्ये तिनं अरांता सांचेझ व्हिकारियोबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली, आणि पॅरिसच्या त्या प्रकारानंतर महिन्याभरानं विम्बल्डनचीही. ज्या सेंटर कोर्टवर दोन वर्षांपूर्वी सगळ्या जगानं तिला रडताना पाहिलं, त्याच स्पर्धेत. घाबरट माणूस असं करतो?

आणि १९९१ घ्या. मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वार्टरफायनलमध्ये समोर हीच स्टेफी, पहिला सेट ५-७ गेलेला, दुसरा ६-४ काढला आणि तिसरा ८-६. आठ-सहा! ज्या बाईचा हात मोक्याच्या वेळी थरथरतो ती स्टेफीविरुद्ध तिसरा सेट ८-६ काढत नाही. ती फायनलला गेली, तिथंही सेलेसकडून पहिला सेट घेतला, मग हरली. ही मॅच कुणाला आठवत नाही कारण तीत कुणी रडलं नाही.

तिचा खेळ आजच्या मुलींना दाखवावा असा आहे, पण तो तसा आता खेळताच येत नाही. विम्बल्डनचं गवत तेव्हा वेगळं होतं. २००१पर्यंत तिथं राय गवताबरोबर फेस्क्यू नावाचं दुसरं बारीक गवत मिसळलेलं असायचं. त्यानंतर निव्वळ राय लावलं. जमीन कडक झाली, बॉल वर उसळायला लागला, परत मारणाऱ्याला वेळ मिळायला लागला. नोव्होत्नाच्या काळात बॉल घसरत, खालून यायचा. तिचा बॅकहँड स्लाइस पडला की समोरच्या बाईला गुडघ्यात वाकून तो खणून काढावा लागे, आणि तेवढ्यात ही नेटवर. उंच, सडपातळ, चालताना किंचित पुढे झुकलेली. व्हॉली मारताना रॅकेट मागे जातच नसे. मनगट घट्ट, खांद्यातून एवढासा धक्का, बॉल कोपऱ्यात. आमच्या कोचनी आम्हाला हेच घसा सुकेपर्यंत सांगितलं आणि आमची रॅकेट अजूनही मागे जाते.

हा खेळ तिनं आकाशातून आणला नव्हता. चेक लोकांच्या घरातलाच तो माल. मार्टिना नवरातिलोवा प्रागची, हाना मांडलिकोवा प्रागची, इव्हान लेंडल ऑस्ट्राव्हाचा. एवढासा देश, पण गावोगावी टेनिस क्लब, आणि त्या क्लबांत लहान पोरांना सिंगल्सइतकीच डबल्स खेळायला लावायची पद्धत. मांडलिकोवा स्वतः चार ग्रँड स्लॅम सिंगल्स जिंकलेली, विम्बल्डनच्या फायनलला मात्र दोनदा पोचून दोनदा हरलेली, १९८१मध्ये ख्रिस एव्हर्टकडून आणि १९८६मध्ये मार्टिनाकडून. खेळणं सोडल्यावर ती नोव्होत्नाची कोच झाली आणि जवळजवळ शेवटपर्यंत राहिली. १९९३च्या त्या संध्याकाळी प्लेयर्स बॉक्समध्ये बसलेल्या मांडलिकोवाला हरलेल्या फायनलबद्दल पुस्तकातून काही शिकायचं बाकी नव्हतं.

आता डबल्स. इथं मी जरा पक्षपाती आहे, कारण आम्ही सगळ्या डबल्सवाल्याच. टीव्हीवाले फायनलसुद्धा धड दाखवत नाहीत, पेपरात शेवटच्या कॉलममध्ये दोन ओळी. पण नोव्होत्नाची १२ विजेतेपदं कुणाकुणाबरोबर आहेत बघा. हेलेना सुकोवा, जिजी फर्नांडिस, सांचेझ व्हिकारियो, लिंडसे डेव्हनपोर्ट, मार्टिना हिंगीस. सुकोवा उंच, सर्व्हिसवाली. सांचेझ व्हिकारियो मातीवरची, दिवसभर धावून बॉल परत देणारी. डेव्हनपोर्ट बेसलाइनवरून धडाधड मारणारी. हिंगीस सोळा-सतराची पोरगी, डोक्यानं खेळणारी. पाच तऱ्हांच्या पाच बायका, आणि प्रत्येकीबरोबर ग्रँड स्लॅम. डबल्समध्ये पार्टनर बदलणं म्हणजे काय ते खेळणाऱ्यालाच कळतं. आमच्याकडे पावसाळ्यात जोड्या बदलल्या की महिनाभर ‘तुझा’, ‘माझा’ करत दोघीही बघत राहतात आणि बॉल मधून जातो. १९८९ ते १९९८, विम्बल्डनच्या डबल्सची विजेतेपदं चार. जिम प्यूबरोबरच्या मिक्स्डच्या चार ट्रॉफ्या त्याआधीच, १९८८ आणि १९८९ या दोनच वर्षांत.

ऑलिंपिकमध्येही सुकोवाबरोबर दोनदा फायनल आणि दोनदा रौप्य. पहिलं १९८८मध्ये सोलला चेकोस्लोव्हाकियासाठी, पॅम श्रायव्हर आणि झिना गॅरिसनविरुद्ध तिसरा सेट ८-१० गेला. दुसरं १९९६मध्ये अटलांटाला, तोवर देशाचे दोन तुकडे होऊन ती चेक प्रजासत्ताकाची झाली होती. अटलांटा म्हटलं की आपल्याला लिअँडर पेसचं कांस्य आठवतं. त्याच स्पर्धेत महिलांच्या सिंगल्सचं कांस्य नोव्होत्नाचं होतं, हे आपल्याकडे कुणी कधी सांगितलं नाही.

१९९७. पुन्हा विम्बल्डनची फायनल, समोर हिंगीस, वय वर्षं १६. नोव्होत्नानं पहिला सेट ६-२ घेतला. पुढचे दोन ३-६, ३-६. पोटाच्या स्नायूची दुखापत होती. या वेळी कोसळणं वगैरे काही नव्हतं, पोरगी चांगली खेळली. पण पेपरवाल्यांना आयतं सापडलं, परत तोच फोटो छापून झाला. त्या वर्षाअखेरीस न्यूयॉर्कला, वर्षातल्या सगळ्यात बळकट बायकांच्या स्पर्धेत, तिनं मेरी पिअर्सला हरवून विजेतेपद घेतलं. तेव्हा तिथली महिलांची फायनल पाच सेटांची असायची. हिनं तीनमध्येच उरकली. ‘मोठी मॅच जिंकता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी त्याचं काय केलं, तर काही नाही.

१९९८मध्ये ती २९ची, तिशीला तीन महिने कमी. आज तिशीतल्या बायका ग्रँड स्लॅम जिंकतात तेव्हा आपल्याला काही वाटत नाही, तेव्हा २९ म्हणजे निवृत्तीच्या गप्पा. क्वार्टरफायनलला १८ वर्षांची व्हीनस विल्यम्स, ७-५, ७-६. सेमीफायनलला हिंगीस, गतविजेती, जगात पहिली, आणि त्या वर्षी हिचीच डबल्सची पार्टनर. ६-४, ६-४. माझ्या मते तिची विम्बल्डनमधली खरी फायनल हीच. जिच्याबरोबर सकाळी सराव करायचा तिलाच दुपारी हरवायचं, तेही वर्षापूर्वी तिच्याकडूनच फायनल हरलेली असताना.

खुद्द फायनल सुंदर वगैरे नव्हती. समोर फ्रान्सची नताली तोझिया, तीही तिशीचीच, तीही सर्व्ह-अँड-व्हॉलीवाली. १९२५च्या सुझान लाँग्लेननंतर विम्बल्डनच्या फायनलला पोचलेली पहिली फ्रेंच बाई. दोघीही धास्तावलेल्या. ६-४, आणि मग टायब्रेक. तिथं जगभरातले सगळे लोक एकाच गोष्टीची वाट बघत असणार, आमच्या घरी तरी बघत होतो. बाबा या वेळी फिरायला गेले नाहीत. नोव्होत्ना टायब्रेक ७-२ जिंकली. ती गुडघ्यांवर बसली, मग प्लेयर्स बॉक्समध्ये चढून मांडलिकोवाकडे गेली. थाळी डचेस ऑफ केंटच्याच हातून. त्या काळी पहिलंवहिलं ग्रँड स्लॅम सिंगल्स इतक्या वयात जिंकणारी ओपन युगातली ती पहिली बाई. बारा वर्षांनी फ्रान्चेस्का स्किआव्होनेनं तो विक्रम मोडला.

लोक इथं गोष्ट संपवतात. मला त्यानंतरची डबल्सची फायनल जास्त आवडते. आयुष्यभर ज्याच्यामागे धावलो ते हातात आलंय, दुसरा कुणी असता तर झोपून राहिला असता. ही आणि हिंगीस कोर्टवर उतरल्या आणि डेव्हनपोर्ट-झ्वेरेव्हाला ६-३, ३-६, ८-६ हरवून आल्या. त्या वर्षी दोघींनी पॅरिस, विम्बल्डन आणि न्यूयॉर्कची यूएस ओपन, तिन्ही डबल्स घेतल्या. हिंगीस म्हणजे तीच, जिनं पुढे १७ वर्षांनी आपल्या सानिया मिर्झाबरोबर विम्बल्डनची डबल्स जिंकली. सानिया-हिंगीसच्या मॅच बघताना हिंगीस नेटवर मध्ये घुसून बॉल तोडायची ना, तेव्हा मला दर वेळी वाटायचं, ही अर्धी विद्या नोव्होत्नाच्या शेजारी उभं राहून घेतलेली आहे. पुरावा काही नाही, वाटायचं.

१९९९मध्ये नोव्होत्ना थांबली. १९ नोव्हेंबर २०१७ला कॅन्सरनं गेली, ४९ वर्षांची. 

बार्बोरा क्रेचिकोवाची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत झालीय, तरी पार्टनरसाठी सांगते. क्रेचिकोवाही ब्रनोचीच. २०१४ साली, १८ वर्षांची असताना, ज्युनियरमधून बाहेर पडल्यावर पुढं काय करायचं हे कळेना, तेव्हा ती नोव्होत्नाच्या घरी गेली, दार वाजवलं आणि हातात एक चिठ्ठी दिली: मला मदत कराल का? नोव्होत्नानं तिला हाताशी धरलं, शिकवलं. आजारपणातही क्रेचिकोवा तिच्याकडे जात होती. ग्रँड स्लॅम जिंकायचा प्रयत्न कर आणि खेळताना मजा घे, असं नोव्होत्नानं तिला शेवटी सांगितलं होतं.

२०१८मध्ये क्रेचिकोवानं कॅटरिना सिनियाकोवाबरोबर पॅरिसची आणि विम्बल्डनची डबल्स जिंकली. २०२१मध्ये पॅरिसची सिंगल्स आणि डबल्स एकाच वेळी. त्याच उन्हाळ्यात टोकियोला ऑलिंपिक डबल्सचं सुवर्ण, जे नोव्होत्ना-सुकोवाला दोनदा हुकलं होतं. आणि २०२४मध्ये विम्बल्डनची सिंगल्स, जास्मिन पाओलिनीला ६-२, २-६, ६-४. नंतर क्लबहाउसमध्ये विजेत्यांच्या पाटीवर आपलं नाव यानाच्या नावासोबत बघताना ती रडली, ते दृश्य तुमच्याही मोबाइलवर येऊन गेलं असेल.

मला त्यापेक्षा २०२१ची पॅरिसची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चौथ्या फेरीत स्लोन स्टीफन्सविरुद्धच्या मॅचआधी क्रेचिकोवा फिजिओच्या खोलीत कडी लावून रडत बसली होती. कोर्टवर जायचीच भीती वाटत होती. तिनं आपल्या मानसशास्त्रज्ञांशी फोनवर बोलून घेतलं, बाहेर आली आणि मॅच ६-२, ६-० जिंकली. हे तिनं नंतर सगळ्या पत्रकारांसमोर स्वतःहून सांगितलं, आणि कुणी तिला चोकर म्हटलं नाही. नोव्होत्नाच्या वेळी असं बोलायची रीतच नव्हती. जे काय घाबरायचं ते सेंटर कोर्टवर, कॅमेऱ्यांसमोर, आणि मग लोकांनी आयुष्यभर त्याचा अर्थ लावत बसायचं.

काकांसाठी गृहपाठ. १९९३ची फायनल इंटरनेटवर सहज सापडते, तीही पूर्ण बघा, नुसता तिसरा सेट नको; दुसऱ्या सेटमध्ये स्टेफी ग्राफला इतकं हतबल झालेलं तुम्ही फार वेळा पाहिलं नसेल. पण त्याआधी त्याच वर्षीची सेमीफायनल शोधा. नोव्होत्ना विरुद्ध नवरातिलोवा. मार्टिना ३६ वर्षांची, विम्बल्डन सिंगल्स नऊ वेळा जिंकलेली, सर्व्ह-अँड-व्हॉलीची महाराणी. तिच्याच घरात, तिच्याच खेळानं, तिच्याच देशात जन्मलेल्या पोरीनं तिला ६-४, ६-४ हरवलं. दोघीही प्रत्येक सर्व्हिसमागे नेटवर, रॅली म्हणून नाही. मला फक्त तुकडे मिळालेत. कुणाकडे पूर्ण मॅच असेल तर लिंक पाठवा, मी पार्टनरला आणि काकांना शेजारी शेजारी बसवून दाखवणार आहे.